आत आधीच काय आहे?

बोनेट उघडलं, कूलंटच्या टाकीतली पातळी ‘मिन’च्या रेघेखाली गेलेली दिसली, की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: कोणतं कूलंट चांगलं? पेट्रोल पंपावर, स्पेअर पार्टच्या दुकानात, गॅरेजमध्ये हाच प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तरही लगेच मिळतं. कुणी एखाद्या कंपनीचं नाव सांगतो, कुणी ‘हिरवं घ्या’ म्हणतो, कुणी सरळ नळाखाली बाटली धरतो. मला वाटतं, हा प्रश्न जरा वेगळा विचारायला हवा. छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर कूलंट मावतं. टाकीत अर्धा लिटर कमी दिसत असेल, तर बाकीचं सगळं इंजिनात, रेडिएटरमध्ये आणि होज पाइपांत आहेच. आपण जे ओतणार ते त्याच्यातच मिसळणार. म्हणून दुकानातलं कोणतं कूलंट चांगलं हे ठरवण्याआधी आपल्या गाडीच्या आत आधीच काय आहे, हे कळलं पाहिजे. टॉप-अपबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते सगळं या प्रश्नातूनच निघतं. पण त्यासाठी कूलंट आत नेमकं काय काम करतं, हे आधी पाहावं लागेल.

इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब असा की, जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायला लागते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता इंजिनाच्या भिंतींतून कूलंटला काढून न्यावी लागते. ही ने-आण मुख्यतः पाणी करतं. एक किलो पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. कूलंटमधला दुसरा मोठा घटक म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. त्याला साधारण २.४ किलोज्यूलच पुरते. म्हणजे सारख्याच तापमानाला ग्लायकॉल पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल भरत असत, कारण ते न उकळता जास्त तापमान सोसतं. पुढे सगळी यंत्रणा दाबाखाली चालवायला सुरुवात झाली, आणि मिश्रण ७० भाग पाणी, ३० भाग ग्लायकॉल असं झालं. ‘प्युअर कूलंट टाका, पाणी अजिबात नको’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थंड करायला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

मग ग्लायकॉल घालायचं कशाला? थंड मुलखात उत्तर सोपं आहे. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे लेह-लडाखला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्याला हे लागतं, सोलापूरच्या माणसाला नाही. सोलापूरच्या माणसाला लागतो तो उकळबिंदू. झाकणाने टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब धरून ठेवलेला असतो. त्या दाबाखाली नुसतं पाणी १२० अंशांना उकळतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण सुमारे १२९ अंशांना. तापमानाचा काटा ९० दाखवत असला तरी सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू त्याहून किती तरी तापलेला असतो. तिथे पाण्याची वाफ झाली की तेवढ्या जागेवर धातूला द्रव टेकतच नाही, आणि हेड वाकायची सुरुवात तिथून होते. वाईहून पसरणीचा घाट चढताना, मागे भरलेलं सामान आणि एसी चालू असताना, हे वरचे नऊ-दहा अंश उपयोगी पडतात. महाबळेश्वरला सुमारे १३५० मीटर उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेव्हा झाकणाचा दाब आणि ग्लायकॉल या दोन्हींचा आधार तिथे जास्तच लागतो.

पण टॉप-अपच्या वेळी निवड करायची ती पाणी किंवा ग्लायकॉल पाहून नव्हे. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या कूलंटमध्ये ग्लायकॉल एकच असतं. फरक असतो तो उरलेल्या भागात. कूलंटच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे पाणी मिसळण्याआधीच्या कूलंटमध्ये, शेकडा चार-पाच भाग, कधी थोडे कमी-जास्त, गंजरोधक रसायनांचे असतात. गाडीच्या आतल्या धातूंची राखण ती करतात. एक कूलंट दुसऱ्यापेक्षा वेगळं ठरतं ते या थोड्याशा भागामुळे.

ही राखण इतकी महत्त्वाची का झाली, ते जुन्या गाड्या आठवल्या की कळतं. ॲम्बॅसॅडरच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्यात लोक वर्षानुवर्षं पाणी भरत आले, डिकीत पाण्याचा कॅन ठेवत आले, घाटात थांबून रेडिएटर भरत आले. गंज चढायचा, लालसर पाणी निघायचं, पण जाड बीड ते सोसायचं. आताच्या इंजिनात हेड ॲल्युमिनियमचं, पुष्कळदा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, रेडिएटरच्या नळ्या कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या, त्याला प्लास्टिकच्या टाक्या, वॉटर पंपात पोलाद आणि सिरॅमिकचं सील, कुठे बीड, कुठे रबर. हे सगळं एकाच द्रवात बुडलेलं असतं. दोन वेगळे धातू विद्युतवाहक द्रवात एकत्र राहिले की त्यांच्यात बारीक प्रवाह वाहू लागतो आणि दुबळा धातू झिजतो. इथे दुबळा धातू ॲल्युमिनियम. त्यात भर म्हणजे ग्लायकॉल स्वतःही म्हातारं होतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे त्यातून हळूहळू आम्लं तयार होतात. गंजरोधकं ही आम्लं शमवतात आणि धातूवर संरक्षक थर धरतात. ती संपली की धातू उघडे पडतात.

वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीचं थर्मोस्टॅटचं हाउसिंग खोलून हातात घ्या. होज पाइप जिथे चढतो त्या गळ्यापाशी ॲल्युमिनियम खरबरीत झालेलं असतं, नख फिरवलं तर बारीक खड्डे लागतात, आणि खड्ड्यांत पांढरी भुकटी भरलेली असते. काही ठिकाणी कड इतकी खाल्लेली असते की क्लॅम्प कितीही आवळला तरी तिथून थेंब येत राहतात. तीच पांढरी भुकटी सुटून पुढे रेडिएटरच्या पातळ नळ्यांत अडकते, मेकॅनिक ‘रेडिएटर चोक झाला’ म्हणतो, आणि गाडी हीट व्हायला लागते. नीट पाहिलं तर बिघाड गंजाचा असतो. तो दिसतो मात्र तापमानाच्या काट्यावर.

गंजरोधकं धातूला कशी वाचवतात, याच्या दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. जुन्या तऱ्हेत सिलिकेटं, फॉस्फेटं, बोरेटं अशी अकार्बनी रसायनं असतात. सिलिकेट ॲल्युमिनियमवर भराभर थर धरतं, म्हणून संरक्षण लगेच मिळतं. पण ते सगळ्या पृष्ठभागावर बसतं आणि लवकर संपतं. म्हणून असं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. १९९०च्या दशकाच्या मध्यात दुसरी तऱ्हा पुढे आली, ती कार्बनी आम्लांच्या क्षारांची. जनरल मोटर्सने १९९६च्या मॉडेलपासून केशरी डेक्स-कूल आणलं, फोक्सवॅगनने त्याच सुमाराला लाल जी१२ आणलं. ही रसायनं सगळा धातू झाकत बसत नाहीत. जिथे गंज सुरू होतो तिथेच ती काम करतात, त्यामुळे हळू संपतात आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात.

तिसरी तऱ्हा या दोन्हींच्या मिश्रणाची, आणि तिच्यात भूगोल शिरलेला आहे, म्हणून मला ती सर्वांत रंजक वाटते. युरोपात पुष्कळ ठिकाणचं पाणी जड. फॉस्फेट आणि जड पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की साका बसतो. म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि कार्बनी आम्लांना थोड्या सिलिकेटची जोड दिली. जपानी कंपन्यांना चिंता वॉटर पंपाच्या सीलची. सिलिकेटातून कठीण कण बनले तर सील घासून निघतं, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि कार्बनी आम्लांना फॉस्फेटाची जोड दिली. कोरियन कंपन्याही फॉस्फेटाच्याच वाटेने गेल्या. दोन्ही वाटा आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या रस्त्यांवर मात्र जर्मन, जपानी, कोरियन, फ्रेंच आणि भारतीय बनावटीच्या गाड्या एकाच गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि गॅरेजमध्ये पुष्कळदा कूलंटचा कॅन एकच असतो. घोटाळा इथे होतो.

वेगळ्या तऱ्हेचं कूलंट मिसळलं तर काय होतं? ‘लगेच जेली होते’ असं जे सांगितलं जातं ते सरसकट खरं नाही. बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही. गाडी चालते, काटा जागेवर राहतो. नुकसान होतं ते आयुष्याचं. पाच वर्षं टिकणाऱ्या रसायनाचं प्रमाण पातळ होतं, दोन वर्षांवाल्याचं तर पुरेसं नसतंच. दोन्ही अर्धवट राहतात, आणि आपण मात्र पुढच्या बदलाची तारीख पाच वर्षांनंतरचीच धरून बसतो. कधी कधी रसायनं खरोखरच एकमेकांना साक्यात पाडतात. फोक्सवॅगनचं जुनं जी११ आणि त्यानंतरचं जी१२ एकत्र झालं की तपकिरी गाळ होतो, हे जगभरच्या मेकॅनिकांनी पाहिलं. त्याच कंपनीने पुढे आणलेलं जी१२+ या दोघांतही मिसळता येईल असं बनवावं लागलं. एकाच कंपनीची दोन कूलंटं एकमेकांशी पटवून घेत नसतील, तर ‘अमुक कंपनीचं आहे ना, मग चालेल’ हा आधार किती कच्चा आहे ते दिसतं.

त्याहून कच्चा आधार रंगाचा, आणि दुर्दैवाने लोक त्याच्यावरच सर्वांत जास्त भरवसा ठेवतात. ग्लायकॉलला स्वतःचा रंग नाही, गंजरोधकांनाही सांगण्यासारखा रंग नाही. रंग वरून घातलेला असतो, गळती दिसावी आणि डबे ओळखता यावेत एवढ्यासाठी. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा सगळ्या जगाने पाळायचा असा नियम नाही. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ कूलंट गुलाबी असतं आणि त्यात फॉस्फेट असतं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांतलं जी१२ मालिकेतलं कूलंटही गुलाबी-लालसर असतं आणि त्यात फॉस्फेट मुद्दाम टाळलेलं असतं. दोन्ही काचेच्या ग्लासात ओतून शेजारी ठेवली तर भलेभले फसतील. हिरव्याचंही तेच. जुन्या तऱ्हेचं दोन वर्षांवालं कूलंट हिरवं, आणि ह्युंदाईच्या पुष्कळ गाड्यांत कारखान्यातून येणारं फॉस्फेटवालंही हिरवं. होंडाचं टाइप-२ निळं, सुझुकीचं सुपर लाँग लाइफही निळं. शिवाय काचा धुण्याच्या टाकीतलं पाणीही पुष्कळदा निळंच. बोनेटखाली नव्या माणसाने एका टाकीत घालायचं ते दुसऱ्या टाकीत ओतलं, असे प्रकार होतात. झाकणावरचं चित्र पाहूनच झाकण उघडावं.

रंगाचा एक उपयोग मात्र खरा आहे. आपल्या गाडीतलं कूलंट पूर्वी स्वच्छ गुलाबी होतं आणि आता ते विटकरी किंवा चहासारखं दिसतंय, तर आत काहीतरी बिघडलंय. रंगावरून जात कळत नाही, तब्येत कळते. टाकीच्या मागे टॉर्च धरली की हा फरक चांगला दिसतो. पातळीही नीट कळते, आणि तळाशी गाळ असेल तर तोही.

मग आत काय आहे ते शोधायचं कसं? पहिली जागा म्हणजे गाडीसोबत आलेली पुस्तिका. तिच्यात कूलंटचं नाव किंवा कंपनीचं मानक दिलेलं असतं. फोक्सवॅगनच्या गाड्यांत ‘टीएल ७७४’ आणि त्यापुढे एक अक्षर येतं. मर्सिडीजमध्ये ‘३२५’ आणि पुढे दशांशात एक आकडा. ते शेवटचं अक्षर किंवा तो आकडाच महत्त्वाचा. टीएल ७७४-सी म्हणजे ते जुनं जी११, टीएल ७७४-डी म्हणजे जी१२. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानचं जेआयएस के २२३४ आणि अमेरिकेचं एएसटीएम डी३३०६ डब्यांवर छापलेली असतात. ती असावीतच. डब्यावर एकही मानक नसेल, ग्लायकॉलचं प्रमाणही नसेल, नुसता उकळत्या रेडिएटरचा फोटो असेल, तर तो डबा घेऊ नये. पण ही सगळी किमान पात्रतेची मानकं आहेत. ती पाळणारी दोन कूलंटं एकाच तऱ्हेची असतील असं नाही. डब्यावर गाडीच्या कंपनीची ‘मान्यता’ लिहिली आहे की नुसतं ‘सर्व गाड्यांना योग्य’ म्हटलं आहे, हेही बारकाईने वाचावं. मान्यता चाचणीनंतर मिळते. ‘योग्य’ हा शब्द विकणारा स्वतःच छापतो.

पुस्तिका मात्र फक्त एवढंच सांगते की कारखान्यातून निघताना काय भरलं होतं. गाडी तीन वर्षं आपल्याच हातात असेल, सर्व्हिसिंग एकाच ठिकाणी होत असेल, तर तेवढं पुरतं. सर्व्हिसची बिलं एकदा चाळा, त्यात कूलंटची ओळ असते. गाडी सेकंडहँड घेतली असेल, मधल्या काळात एखाद्या ढाब्यापाशी कुणी पाणी ओतलं असेल, कुणी हाताशी होतं ते हिरवं घातलं असेल, तर पुस्तिकेवर भरवसा ठेवून केलेला टॉप-अपही अंदाजच ठरतो. माझं मत स्पष्ट आहे: आत काय आहे ते खात्रीने सांगता येत नसेल तर टॉप-अप करत बसू नये. सगळं काढावं, डिस्टिल्ड पाण्याने फ्लश मारावा, पुस्तिकेतलं योग्य कूलंट पूर्ण भरावं, भरताना आतली हवा नीट काढावी. एकदाचा खर्च होतो, पण पुढची काही वर्षं आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

नाव ठरलं की प्रमाण. दुकानात कूलंट दोन रूपांत मिळतं. एक तयार मिश्रण, जे तसंच ओतायचं. दुसरं कॉन्सन्ट्रेट, ज्यात पाणी आपण मिसळायचं. दोन्ही डबे बाहेरून सारखे दिसतात, म्हणून ‘रेडी टू यूज’ ही अक्षरं शोधावीत. टॉप-अपसाठी मी तयार मिश्रणच सुचवेन, कारण चुकायला जागा कमी. अनेक कंपन्या ग्लायकॉल ३५ टक्क्यांच्या खाली आणि ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका असं सांगतात. दोन्ही टोकं टॉप-अपमधूनच कशी गाठली जातात ते पाहा. पाच लिटरच्या यंत्रणेत निम्मं-निम्मं मिश्रण आहे. अर्धा लिटर कमी झालं आणि तितकं साधं पाणी घातलं, की ग्लायकॉल ४५ टक्क्यांवर येतं. परत तेच केलं की साडेचाळीस. तिसऱ्यांदा साडेछत्तीस. चौथ्यांदा ३३च्याही खाली. दर वेळी ‘थोडंसंच तर पाणी’ घातलेलं असतं. ग्लायकॉलबरोबर गंजरोधकंही त्याच हिशेबाने पातळ झालेली असतात, आणि खरं नुकसान तिथे आहे. उलट बाजूने, दर वेळी शुद्ध कॉन्सन्ट्रेट ओतत गेलं तर ५५, मग साडेएकोणसाठ, मग साडेत्रेसष्ट. उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी होत जाते. शुद्ध ग्लायकॉल गोठण्याच्या बाबतीतही मिश्रणापेक्षा कमकुवत असतं. ते उणे १३ अंशांनाच गोठतं.

आतलं प्रमाण किती, हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं साधन मिळतं. काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. बऱ्या गॅरेजमध्ये ते असतं. पण त्याने ग्लायकॉल कळतं, गंजरोधकं किती उरली ते कळत नाही. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने पन्नास टक्के दाखवले तरीही सहा वर्षांचं कूलंट जुनंच.

कॉन्सन्ट्रेट घेतलंच तर त्यात घालायचं पाणी कोणतं, हा प्रश्न आपल्या भागात गांभीर्याने घ्यावा लागतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच इंजिनाच्या आत चढतो. त्या थरातून उष्णता ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे शंभरपट कमी जाते, म्हणून मिलिमीटरभर थरही इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखा होतो. वर नळाच्या पाण्यातली क्लोराइडं ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं पाडतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी स्वस्त आहे, तेच घ्यावं. घरच्या आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण त्यात क्षार उरलेले असतात, आणि काही यंत्रं चवीसाठी क्षार मुद्दाम परत घालतात. एसीतून ठिबकणारं पाणी बरेच जण जमा करतात. ते मऊ असतं खरं, पण त्याबरोबर धूळ, बुरशी आणि कॉइलवरचे धातूचे कण येतात. गाडीत ते नको.

आता अडचणीची वेळ. वरंध घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, तेव्हा योग्य मानकाचा डबा कुठून आणणार? तिथे नियम उलटा होतो. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा साधं पिण्याचं पाणी हजारपटीने बरं. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, इंजिन बंद करा आणि थांबा. झाकण गरम असताना उघडायचं नाही, ओल्या फडक्याने धरूनही नाही. आत शंभर अंशांच्या वर तापलेला द्रव दाबामुळे शांत बसलेला असतो. झाकण सैल होताच दाब जातो, क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर-हातावर येते. वरच्या होज पाइपला हात लावता येईल इतका तो निवला की मग झाकण हळू फिरवा आणि पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडमध्ये एकदम गार पाणी ओतलं तर धातूला तडा जातो. घरी पोचल्यावर मात्र ‘आता पाणी आहेच, चालतंय’ म्हणून सोडून देऊ नये. प्रमाण तपासून घ्यावं, आणि बरंच पाणी गेलं असेल तर सगळं बदलावं.

बॅटरीवर चालणाऱ्या काही गाड्यांत आणीबाणीचीही ही सवलत नाही. त्यांच्या बॅटरीभोवती फिरणारं कूलंट वीज कमी वाहणारं लागतं, आणि साधं पाणी किंवा नेहमीचं कूलंट तिथे धोकादायक ठरू शकतं. हायब्रिड गाड्यांत इंजिनाची आणि इन्व्हर्टरची अशा दोन टाक्या असू शकतात. काही टर्बो पेट्रोल गाड्यांतही दुसरं छोटं चक्र असतं. कोणती टाकी कशाची, ते पुस्तिकेत पाहिल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

टॉप-अप करतानाच दुसरा प्रश्नही विचारायला हवा: पातळी खाली का आली? ही यंत्रणा बंदिस्त आहे. दोन वर्षांत रेघभर कमी झालं तर समजू शकतं. दर महिन्याला घालावं लागत असेल तर गाडी पाणी खातेय, आणि तेव्हा कोणतं कूलंट हा विषयच राहत नाही. आधी गळती शोधायची. रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाका. होजच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी वाळलेल्या कूलंटचा गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा दिसतो का पाहा. बाहेर कुठेच काही नसेल तर ते आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर न थांबता येत राहिला, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे उठत राहिले, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. अशा गाडीत महागातलं कूलंट ओतत राहणं म्हणजे पैसे आणि इंजिन दोन्ही घालवणं. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी.

प्रत्यक्ष ओतायचं काम दोन मिनिटांचं. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागेवर. गरम असताना द्रव फुगलेला असतो आणि पातळी खोटी दिसते. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन रेघांच्या मधे आणायची, काठोकाठ भरायची नाही, कारण फुगायला जागा लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहायचं. आत अडकलेली हवा बाहेर पडून पातळी थोडी उतरलेली असू शकते. काय घातलं, किती घातलं आणि कधी, ते सर्व्हिस बुकात पेनने लिहून ठेवावं. पुढच्या वेळी बोनेट उघडणारा दुसरा कुणी असेल, आणि त्याला हेच लागणार आहे.

उरलेलं कूलंट त्याच्या मूळ डब्यातच ठेवा, थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शरीरात त्यापासून बनणारी आम्लं आणि ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडं निकामी करतात. लहान मुलाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या बाबतीत थोडंसंही पुरतं, म्हणून जमिनीवर सांडलेलंही भरपूर पाण्याने धुऊन टाकावं, आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात न सोडता गॅरेजमध्ये जुन्या ऑइलबरोबर द्यावं. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि मग बरा वाटतो, त्या मधल्या काळाने फसू नये. यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच उपयोगी पडतो. रुग्णालयात जाताना कूलंटचा डबा बरोबर घ्या, म्हणजे लेबल वाचून डॉक्टरांना आत काय होतं ते कळेल.